‘आम्हाला तर नुसतं पाणीच दिसलं’

सुट्टीचे बरेचसे दिवस मी तलावांवर आणि धरणांच्या जलाशयांवर घालवते हे कळलं, की एक प्रश्न हमखास येतो. “तुम्ही तिथे तासन्‌तास बघता तरी काय? आम्ही गेलो होतो, आम्हाला तर नुसतं पाणीच दिसलं.” काहीजण पुढे असंही म्हणतात, “शिवाय धरणाचं पाणी म्हणजे माणसानं अडवलेलं. त्यात निसर्ग कुठून येणार?” तुम्ही मनापासून विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

नुसतं पाणी दिसलं, कारण तुम्ही पाण्याकडे बघत होतात. एवढा मोठा विस्तार समोर आला की नजर आपोआप मध्यावर जाते. पण जलाशयातली बहुतेक सगळी वर्दळ काठाला असते. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो तो उथळ भागातच. तिथे पाणवनस्पती रुजतात, त्यांच्या आधारानं गोगलगायी, चतुरांच्या अळ्या, बेडूक आणि माशांची पिल्लं वाढतात, आणि या सगळ्यांवर जगणारे पक्षी तिथेच येतात. खोल पाण्यावर बदकांचे थवे दिसतात खरे, पण त्यातले पुष्कळसे दिवसा नुसते विसावलेले असतात.

तुम्ही कुठे उभे होतात, हेही मी विचारते. उत्तर बहुधा ‘धरणाच्या भिंतीवर’ असं येतं. रस्ता तिथवर जातो, गाडी लावायला जागा तिथे असते, बाग असली तर तीही तिथेच. पण भिंतीजवळ पाणी सगळ्यात खोल असतं आणि उताराला दगड बसवलेले असतात. चोच खुपसायला चिखल नाही, लपायला गवत नाही. पक्षी तिथे कशाला थांबतील? त्यापेक्षा जलाशयाचं दुसरं टोक गाठा, जिथे नदी किंवा ओढा पाण्यात शिरतो. वाहतं पाणी तिथे मंदावतं आणि आणलेला गाळ खाली टाकतं. वर्षानुवर्षं साचलेल्या त्या गाळाचा उतार अगदी सौम्य असतो, म्हणून उथळ पाणी लांबवर पसरतं. फुगवट्याच्या या टोकाला जायला बहुतेकदा धड रस्ता नसतो, थोडं चालावं लागतं. तरी जा.

आता पाण्याच्या पातळीबद्दल. ‘सध्या पाणी फार आटलंय, जाऊन काय उपयोग’ असं पुष्कळजण म्हणतात, आणि मला इथेच त्यांना थांबवावंसं वाटतं. नैसर्गिक तलावाची पातळी साधारणपणे हळूहळू आणि थोडीच बदलते. धरणाची मात्र शेती, पिण्याचं पाणी आणि वीज यांच्या मागणीप्रमाणे भराभर खालीवर होते. आता हिशेब बघा. काठाचा उतार शंभराला एक असेल, तर पातळी फक्त १ मीटर उतरली की १०० मीटर रुंदीचा ओला चिखल उघडा पडतो. त्या चिखलात किड्यांच्या अळ्या आणि कृमी खच्चून भरलेले असतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाणथळीच्या पक्ष्यांना नेमकं हेच हवं असतं.

मग त्या पट्ट्यावर कोण कुठे उभं आहे ते बघत राहा. आखूड चोचीचा चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, दिसलेला किडा टिपतो आणि पुन्हा धावतो. तो डोळ्यांनी शिकार करतो. लांब चोचीचा मळगुजा पोटापर्यंतच्या पाण्यात उभा राहून चिखलात खोलवर चोच घालतो. चोचीच्या टोकाला स्पर्शाची तीक्ष्ण जाणीव असल्यामुळे त्याला भक्ष्य दिसण्याची गरजच नसते. शेकाट्याला त्याचे लांबलचक गुलाबी पाय आणखी पुढच्या पाण्यात नेतात. थापट्या बदक रुंद चोचीनं पृष्ठभागावरचं पाणी आत घेतं आणि चोचीच्या कडेच्या दातऱ्यांतून गाळून बाहेर सोडतं. रोहित पक्षी मान वाकवून, डोकं उलटं करून तेच काम करतो. पाच जाती एकाच काठावर पोट भरतात आणि एकमेकांच्या फारशा आड येत नाहीत. हे एकदा लक्षात आलं, की पक्ष्याचं नाव माहीत नसलं तरी तो काय करतोय ते कळतं, आणि मला तरी ते नावापेक्षा मोलाचं वाटतं.

पक्षी नसतानाही चिखल वाचता येतो. सकाळी लवकर गेलात तर रात्री पाण्यावर कोण येऊन गेलं त्याचे ठसे तिथे उमटलेले असतात. काठावरच्या उंच दगडावर माशांचे खवले आणि काट्यांनी भरलेली विष्ठा दिसली, तर आसपास पाणमांजराचा वावर असू शकतो. प्रत्यक्ष पाणमांजर दिसणं दुर्मीळ, पण त्याच्या हद्दीत उभं असल्याचं कळलं तरी माझा दिवस सार्थकी लागतो.

धरणातला निसर्ग खरा की खोटा, हा दुसरा प्रश्न. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातल्या व्याख्येतच नैसर्गिक आणि मानवनिर्मित, कायमच्या आणि हंगामी, अशा सगळ्या पाणथळ जागा धरलेल्या आहेत. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये जाहीर झालं. गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमावर बंधारा बांधला गेला, मागे गाळ साचत गेला आणि त्यावर ही पाणथळ जागा बहरली. इंग्लंडमधलं रटलंड वॉटर हे १९७०च्या दशकात पिण्याच्या पाण्यासाठी केलेलं धरण. मासे पकडणारा कैकर हा शिकारी पक्षी इंग्लंडमध्ये घरटं करेनासा झाला होता. १९९६ पासून स्कॉटलंडमधली पिल्लं रटलंड वॉटरवर आणून सोडली गेली, आणि २००१ मध्ये तिथे पहिलं पिल्लू वाढलं. पुन्हा घरटं करण्याची जागा या पक्ष्याला मिळाली ती माणसानं अडवलेल्या पाण्याकाठी.

याचा अर्थ धरणं बांधावीत असा मी काढत नाही. प्रत्येक जलाशयाखाली एक वाहती नदी बुडालेली आहे. कुठे जंगल, तर कुठे माणसांची गावं. पक्षी आले म्हणून ते नुकसान भरून निघत नाही. आणि ज्या खालीवर होणाऱ्या पातळीचं मी एवढं कौतुक केलं, तीच जमिनीवर घरटी करणाऱ्या सुरय आणि टिटव्यांचा घात करते. पाणी अचानक वाढलं की अंडी बुडतात. टिबुकलीचं घरटं पाणवनस्पतींना अडकवलेलं आणि तरंगतं असतं, त्यामुळे ते पातळीबरोबर थोडं वर चढतं. उघड्या वाळूवरच्या अंड्यांना तशी सोय नाही.

कधी जावं, तर पहाटे. रात्री हवा थंड होते, पाणी मात्र उबदार राहतं, म्हणून थंडीच्या दिवसांत सकाळी पाण्यावर धुकं दिसतं. ते विरेपर्यंत एका जागी बसून घ्या. सूर्य पाठीशी ठेवा, नाहीतर समोरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसेल. दुर्बीण ८ × ४२ची पुरते. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. जास्त पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही तेवढाच वाढतो, आणि ऊन चढल्यावर पाण्यावरची तापलेली हवा सगळंच थरथरतं करून टाकते. वारा असेल तर आडोशाचा काठ शोधा, बदकं तिथेच गोळा झालेली असतात.

आता अंतराविषयी. हा विषय मला सगळ्यात जवळचा आहे. चरणारी बदकं एकदम माना वर करून स्थिर झाली, तर वर आकाशात बघा, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असेल. आकाश मोकळं असेल, तर त्यांना अस्वस्थ करणारे तुम्ही आहात. त्याच क्षणी थांबा आणि शांतपणे दोन पावलं मागे या. उडाले तर उडाले, पुन्हा बसतील, असं म्हणणं मला पटत नाही. वारकरी पक्ष्याला उडण्याआधी पाण्यावरून लांबवर धावावं लागतं, आणि त्यात खर्च झालेली ताकद त्याला पुन्हा खाऊनच मिळवावी लागते. प्रवासी पक्ष्यांसाठी तर साठवलेली चरबी हेच परतीचं इंधन. बहुतेक बदकं वीण आटोपल्यावर उडण्याची सगळी पिसं एकाच वेळी गाळतात आणि काही आठवडे उडूच शकत नाहीत. तेव्हा पाणकणसाच्या किंवा गवताच्या बेटाजवळ नेलेली होडी त्यांना भर पाण्यात ढकलते. वल्ह्याची होडी आवाज करत नाही म्हणून निरुपद्रवी, असं समजू नका. ती अगदी जवळ जाऊ शकते, हाच तिचा धोका. ड्रोन तर पाण्यावर नकोच.

स्वतःच्या सुरक्षेचं थोडक्यात सांगते. वरून वाळलेला, भेगाळलेला गाळ खाली लापशीसारखा असू शकतो, त्यावरून पाण्यापर्यंत चालत जाऊ नका. जलाशयात दोन पावलांवर अचानक खोली लागते, पोहायची हौस इथे भागवू नका. पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय दिसली तर ते विषारी निळे-हिरवे शैवाल असू शकतं. हात घालू नका, बरोबरच्या कुत्र्यालाही पिऊ देऊ नका.

आणि निघताना पाच मिनिटं राखून ठेवा. गळाची तुटलेली दोरी दिसली तर गुंडाळून बरोबर घ्या, ती पक्ष्यांच्या पायांत अडकते. गळाला लावायची शिशाची वजनं गिळून ब्रिटनमधले हंस विषबाधेनं मरत होते. १९८७ मध्ये तिथे अशा बहुतेक वजनांवर बंदी आली आणि हंसांची संख्या पुन्हा वाढली. होडी, बूट आणि जाळी यांचा चिखल तिथेच झटकून काढा आणि सगळं पूर्ण वाळू द्या. दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी माणसानंच जगभर नेली. काळ्या समुद्राच्या परिसरातला झेब्रा शिंपला जहाजांतल्या पाण्यातून उत्तर अमेरिकेत पोचला, १९८८ मध्ये तिथे सापडला, आणि पुढे एका तलावातून दुसऱ्यात गेला तो बऱ्याच अंशी सहलीला आलेल्यांच्या होड्यांना चिकटून. एकाच दिवशी दोन जलाशय बघायचे असतील, तर दुसरे कोरडे बूट गाडीत ठेवा.