रिसेप्टरचे सोबती

सिंधुदुर्गात भातलावणी सुरू झाली, की डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या वाटल्या जातात आणि लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाचा, विषय घरोघरी निघतो. बारावीच्या मुलांना रोगप्रतिकारशक्ती शिकवताना मी याच दिवसांत मुद्दाम विचारते, की चिखलातून शरीरात शिरलेला जंतू पांढऱ्या पेशीला कळतो कसा? पेशीवरच्या रिसेप्टरमुळे, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या प्रथिनामुळे, हे उत्तर लगेच येते. पण हा रिसेप्टर पेशीच्या आत, आंतर्द्रव्यजालिकेत (प्रथिने घडवणाऱ्या भागात) घडतो आणि पुष्कळदा सोबतीच्या प्रथिनांवाचून त्याला पृष्ठभाग गाठता येत नाही, हा भाग वर्गात राहूनच जातो.

टी-पेशी या पांढऱ्या पेशीच्या रिसेप्टरमध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसते. त्याच्या अल्फा आणि बीटा साखळ्यांचा जो भाग पेशीच्या पटलात (आवरणात) रुतलेला असतो, त्यात धनभारित अमिनो आम्ले असतात. पटलाच्या स्निग्ध थरात असा भार एकटा स्थिर राहत नाही. सीडी३ गटातील प्रथिनांचा ऋणभार त्याच्या जोडीला आला, तरच संकुल जमते आणि गॉल्गी पिंडाकडे, म्हणजे पृष्ठभागाच्या वाटेवरच्या पुढच्या टप्प्याकडे, सरकते. जोडी जमली नाही, तर पेशी त्या साखळ्या आतच अडवून त्यांचे विघटन करते. ही कडक तपासणी मला फार मोलाची वाटते, कारण सीडी३ वाचून वर पोहोचलेल्या रिसेप्टरने जंतूचा अंश ओळखला, तरी ती खबर पेशीच्या आत पोहोचवणार कोण? ते काम याच सोबत्यांचे आहे.

जिवाणूंच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड ओळखणाऱ्या टीएलआर४ या रिसेप्टरला एमडी-२ हे छोटे प्रथिन लागते. ते नसलेल्या उंदरांच्या पेशींत टीएलआर४ बहुतांशी गॉल्गीतच अडकून राहतो, असे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. (लेप्टोच्या जंतूचे, लेप्टोस्पायराचे, लिपोपॉलिसॅकराइड मात्र माणसाच्या टीएलआर४ ला नीट ओळखता येत नाही, तेथे टीएलआर२ हा दुसरा रिसेप्टर कामी येतो.)

माणसातील एक उदाहरण मला विशेष अस्वस्थ करते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातील लहान मुलीच्या रक्तात प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी होत्या, पण प्रतिपिंडे कमी होती आणि त्या पेशींवर सीडी१९ हे त्यांच्या रिसेप्टरचा संदेश बळकट करणारे प्रथिन दिसतच नव्हते. सीडी१९ चे जनुक तपासले, तर ते निर्दोष निघाले. बिघाड होता तो सीडी८१ या त्याच्या सोबत्याच्या जनुकात. प्रयोगशाळेत पेशींना सीडी८१ चे निर्दोष जनुक पुरवल्यावर सीडी१९ पुन्हा पृष्ठभागावर आले.