तंजावर ते त्रिची : बिशप हीबर यांचे शेवटचे दहा दिवस

तंजावरला आपण मराठी माणसं जातो ती बृहदीश्वरासाठी आणि भोसल्यांसाठी. मीही याआधी तशीच गेले होते. या खेपेला मात्र १८२६च्या मार्चमध्ये तिथे आलेल्या एका पाहुण्याच्या मागावर होते. रेजिनाल्ड हीबर, कलकत्त्याचे दुसरे अँग्लिकन बिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी. १८२३ साली ते आले तेव्हा सगळा हिंदुस्थान, सिलोन आणि थेट ऑस्ट्रेलियाही त्यांच्या एकट्याच्या अखत्यारीत होता. अडीच वर्षं हा माणूस जवळजवळ वाटेवरच होता. ढाका, अल्मोडा, दिल्ली, बडोदा, मुंबई. आपली कार्ल्याची लेणीही त्यांनी पाहिली.

सुरुवात शिवगंगा बागेतल्या, जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या नावाच्या श्वार्ट्झ चर्चपासून करा. मोठ्या देवळापासून चालत जाता येतं. देऊळ दुपारी बंद होतं, म्हणून ते सकाळीच उरका. तिथल्या भिंतीवरचा १८०३चा मराठी शिलालेख चुकवू नका. चर्चला कुलूप दिसलं तर परत फिरू नका, आजूबाजूला विचारा. मला किल्ली तशीच मिळाली. आत फ्लॅक्समनने घडवलेलं संगमरवरी शिल्प आहे. मरणशय्येवर श्वार्ट्झ, आणि शेजारी त्यांचा शिष्य, तंजावरचे सरफोजीराजे भोसले. श्वार्ट्झच्या थडग्यावरच्या इंग्रजी ओळीही राजांच्याच. मी तिथे बराच वेळ बसून राहिले.

२६ मार्चला, ईस्टरच्या दिवशी, हीबरनी तंजावरात प्रवचन दिलं. मग ते सरफोजींना भेटले आणि राजांच्या रुबाबाने भारावून गेले. एक गोष्ट मात्र मला खटकते. तमिळ ख्रिस्ती मंडळी चर्चमध्येही जातीनुसार वेगळी बसत, आणि हीबरनी त्याबाबत मवाळ धोरण ठेवलं. पुढे १८३३ मध्ये कलकत्त्याचे नंतरचे बिशप विल्सन यांनी चर्चमधला हा जातिभेद मोडून काढायचा हुकूम दिला. तो हीबरनीच द्यायला हवा होता.

त्रिची तिथून साठेक किलोमीटर. बसला दीड तास धरा. आधी किल्ल्याजवळचं, श्वार्ट्झनी बांधलेलं छोटं चर्च पाहा. ३ एप्रिलला भल्या सकाळी हीबरनी इथे तमिळ ख्रिस्त्यांना दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी) दिलं. उन्हाने शिणून मुक्कामी परतले, स्नानाच्या हौदात उतरले आणि तिथेच गेले. वय अवघं ४२. तुम्ही तरी एप्रिल टाळा. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा, आणि रॉकफोर्टच्या, म्हणजे इथल्या खडकावरच्या किल्ल्याच्या, चारशेवर पायऱ्या चढायच्या तर उजाडताच.

शेवटी छावणी भागातलं सेंट जॉन्स चर्च. रविवारी सकाळी गेलात तर दारं हमखास उघडी मिळतील. उपासना संपेपर्यंत मागच्या बाकावर शांत बसा. भिंतीभर झडपांची दारं आहेत, ती उघडली की सगळीकडून वारा येतो. हीबर यांना इथेच वेदीजवळ पुरलंय.