शहाऐंशी हजार पेशी

सकाळी पावणेदहाला पेशी मोजणाऱ्या मशीनने एक नमुना अडवला. सात आठवड्यांचं बाळ, पांढऱ्या पेशी ८६,४००. या वयात त्या साधारण वीस हजारांच्या आत असतात. शेजारी मशीनने 'ब्लास्ट?' अशी खूण टाकली होती, म्हणजे ल्युकेमियात रक्तात दिसणाऱ्या अपक्व पेशींची शंका. मी दुसऱ्या टेबलावर होते. माझ्या ज्युनिअरने आकडा पाहिला, घाबरला आणि वॉर्डला फोन करून मोकळा झाला : ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर, असू शकतो. स्लाइड रंगून माझ्या हातात येईपर्यंत तो शब्द बाळाच्या आईपर्यंत गेला होता.

मी ब्लास्ट शोधत अख्खी काच पालथी घातली. एकही सापडली नाही. सगळ्या लहान, पूर्ण वाढलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, आणि कित्येकींच्या केंद्रकाला मधोमध खोल खाच, नखाने चिरल्यासारखी. हिमोग्लोबिन ठीक. प्लेटलेट्स तर वाढलेल्या. ल्युकेमियाने अस्थिमज्जा व्यापली की हे दोन्ही बहुधा घसरतात.

मी वॉर्डला फोन लावला. "बाळ खोकतंय का?"

"आठ दिवस झाले, मॅडम. उबळ आली की निळं पडतं. काल दोनदा श्वास थांबला. ताप नाही."

"गाठी? प्लीहा?"

"हाताला काहीच लागत नाही."

डांग्या खोकला. इतक्या लहान बाळात तो ओळखीचा 'हूप' आवाज बरेचदा येतच नाही, नुसता श्वास थांबतो. नाकाच्या मागच्या भागातला स्वॅब पीसीआरला पाठवा, ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मात्र निकालाची वाट न पाहता सुरू करा, असं सांगितलं. आणि आईशी मी स्वतः बोलते म्हणाले.

मला हे चटकन सुचलं, कारण शिकत असताना दोन वर्षं मी याच जिवाणूच्या, बोर्डेटेला पर्टुसिसच्या विषावर काम केलं होतं. प्रयोग साधा होता. पाच मायक्रोमीटर भोकांची बारीक चाळणी, वर लिम्फोसाइट, खाली केमोकाइन. कुठे जायचं हे पेशीला केमोकाइनच सांगतं. चांगल्या पेशी दोन-तीन तासांत भोकांतून अंग चोरून खाली उतरायच्या. विष दिलेल्या पेशी वरच बसून राहायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, मेल्या. ट्रिपॅन ब्लू हा मेलेल्या पेशींतच शिरणारा रंग घालून पाहिलं, तर एकीनेही रंग आत घेतला नव्हता. गोल, चकचकीत, जिवंत पेशी, आणि जागच्या हलत नव्हत्या. ते दृश्य मी विसरलेले नाही.

केमोकाइन पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि रिसेप्टर आतल्या जी-आय नावाच्या प्रथिनाला निरोप देतो. हे विष आत शिरून जी-आयच्या टोकाजवळच्या एका सिस्टीनवर (प्रथिनाच्या साखळीतल्या एका कडीवर) एडीपी-रायबोज नावाचा रेणू चिकटवतं. मग जी-आय रिसेप्टरशी जुळतच नाही. रिसेप्टर शाबूत, केमोकाइन हजर, निरोप मात्र दारातच राहतो. १९८२ मध्ये जपानच्या काताडा आणि उई यांनी विषाची ही करणी दाखवली. ते मुळात स्वादुपिंडातल्या इन्सुलिनचा अभ्यास करत होते आणि या विषाला त्या कामातलं वेगळंच नाव देऊन बसले होते. मला ही गोष्ट फार आवडते.

एरवी लिम्फोसाइट सतत रक्तातून लसिका ग्रंथींत, म्हणजे त्या गाठींत, शिरतात आणि पुन्हा रक्तात येतात. या बाळात ती वाटच बंद झाली होती. म्हणून रक्तात गर्दी, आणि गाठी हाताला लागत नव्हत्या. ८६,४०० म्हणजे लढायला निघालेली फौज नव्हे. जिथे गरज होती तिथे जाता न आलेल्या पेशी होत्या त्या.

बाळाच्या आईला भेटले. रडून रडून आवाज बसला होता. हा कॅन्सर नाही, हे तीनदा सांगावं लागलं. धोका नाही असं मात्र म्हटलं नाही, कारण तो होता. बोलताना त्या स्वतः खोकत होत्या. "मला तीन आठवडे झाले," म्हणाल्या, "पण ताप नव्हता, म्हणून लक्ष दिलं नाही." गरोदरपणी लस घेतली असती तर आईची प्रतिद्रव्यं बाळाला जन्माआधीच मिळाली असती. हे तेव्हा बोलायची वेळ नव्हती. त्यांचाही स्वॅब घ्यायला सांगितला.

दुपारी तीनला दुसरा नमुना आला : १,०४,०००. बाळाचे ठोके १९० च्या वर. एवढ्या पेशी फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत दाटल्या की तिथला दाब चढतो, आणि मग हृदय हार मानतं. बालरोगतज्ज्ञांनी रक्त बदलायचा निर्णय घेतला. थोडं काढायचं, तेवढंच चढवायचं, असं संध्याकाळभर चाललं. रात्री आकडा ३८,००० वर आला.

ज्युनिअर घरी गेला नव्हता. "आता औषधाने उरलेल्याही उतरतील ना, मॅडम?" मी म्हटलं, औषध जिवाणू मारतं, जी-आयवर चिकटलेलं काढत नाही. पेशीला नवं जी-आय घडवावं लागतं. आकडा पुन्हा थोडा चढू शकतो.

चढला. सकाळी ४४,०००. दोन्ही स्वॅब पॉझिटिव्ह आले. चौथ्या आठवड्यात बाळ घरी गेलं तेव्हा खोकला होताच, पण श्वास थांबत नव्हता.