फालमथची झोपडी, अपडेट ४: छप्पर झालं, आता मतपेटी

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितोय पण काम थांबलं नव्हतं. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो, अमेरिकन सिव्हिल वॉर, व्हर्जिनियातलं फालमथ, जानेवारी १८६३, युनियनच्या म्हणजे उत्तरेच्या पोटोमॅक आर्मीतल्या पेनसिल्व्हेनियाच्या चार साध्या शिपायांच्या हिवाळी झोपडीचं मॉडेल, स्केल १:३२, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं. लढाईचा सीन मुद्दाम घेतला नाही, कारण शिपायाचे बहुतेक दिवस लढाईत जातच नाहीत, ते जातात छावणीत, चिखल, चूल, पत्रं, पत्ते आणि वाद यांत. मला तो वादच दाखवायचाय.

झोपडी १० बाय ७ फूट धरली, म्हणजे आपल्या स्केलला ९५ बाय ६७ मिमी. ओंडक्यांसाठी आधी बांबूच्या काड्या घेतल्या होत्या पण त्या एवढ्या गुळगुळीत की झाडाचं खोड वाटेचना. मग गावी गेलो तेव्हा काकांच्या वावरातून कापसाच्या पऱ्हाट्या उचलून आणल्या, चार-पाच मिमी जाडीच्या, सालीसकट, आणि काय सांगू, टोकाला खाचा पाडून एकमेकांत बसवल्या तर हुबेहूब पाइनचे ओंडके दिसतात. लावताना सारखं एकच डोक्यात येत होतं, याच युद्धात नाकेबंदीमुळे दक्षिणेचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच मातीतली पऱ्हाटी आज या झोपडीची भिंत झालीय. मला हे फार आवडलं.

लिंपणाने मात्र रडवलं. नुसता शाडू भरला होता, रात्रीत तडे गेले आणि सकाळी अर्धा निघून आला. आता शाडूत पातळ फेविकॉल आणि चाळलेला भुसा घालून तीन हातांत भरलंय, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा, घाई करू नका. खरं छप्पर तंबूच्या कापडाचं असायचं, माझं टिश्यू पेपरचं, तेही फेविकॉलच्या पाण्यात बुडवून. प्रत्येक शिपायाकडे अर्धाच तंबू असायचा आणि दोघांनी आपापले अर्धे बटणांनी जोडले की एक तंबू, म्हणून छपरावर मधोमध बटणांची ओळ दिसलीच पाहिजे, मी ती सुईच्या टोकाने रंगाचे ठिपके देऊन केली. धुराडं काड्या आणि मातीचं, वर तळ काढलेलं पोर्कचं पिंप. ही पिंपं पेट घ्यायची, म्हणून आतून काळं केलंय आणि एका कडेला जळाल्यासारखं कोरलंय.

हार्डटॅकची बिस्किटं साधारण तीन इंची आणि अर्धा इंच जाड, म्हणजे आपल्याकडे २.४ मिमीचा चौकोन, जुन्या व्हिजिटिंग कार्डातून कापले. दिवसाला नऊ-दहा मिळायची. दगडासारखी कडक, त्यात टोके झालेले, मग ती गरम कॉफीत बुडवायची, किडे वर तरंगले की चमच्याने काढून टाकायचे आणि कॉफी प्यायची. माझा एक शिपाई बंदुकीच्या दस्त्याने कॉफीच्या बिया कुटतोय, तो पूर्ण झालाय.

आता मुख्य गोष्ट. १३ डिसेंबर १८६२ ला फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून युनियनचे १२ हजारांवर गेले, पगार महिना १३ डॉलर आणि तोही कितीतरी रेजिमेंटना महिनोन् महिने नाही, त्यात १ जानेवारीला लिंकनने गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला. छावणीत पेपर विकायला यायचे, बातमी सगळ्यांनी वाचली. त्या महिन्यातली पत्रं वाचा, बऱ्याच जणांनी घरी सरळ लिहिलंय की आम्ही युनियन वाचवायला आलो, गुलाम सोडवायला नाही. काहींना आनंदही झाला होता. म्हणजे एकाच चुलीभोवती दोन्ही मतं. म्हणून एकाच्या हातात न्यूयॉर्क हेरल्ड दिलाय, समोरचा बोट रोखून भांडतोय, तिसरा बंकवर तोंड फिरवून पडलाय. दहा वर्षांनी, १८७३ ला, जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्या बाजूने लढणारे हे साधे शिपाई सुरुवातीला असे होते. मला त्यामुळे ते कमी वाटत नाहीत, उलट ते बदलले कसे हे शोधावंसं वाटतं.

एक चूक झाली तीही सांगतो. टोप्यांवर सेकंड कोअरचं (कोअर म्हणजे आर्मीतली मोठी तुकडी) तीन पानांचं लाल चिन्ह रंगवून बसलो होतो आणि इथल्याच एका जाणकार दादांनी लक्षात आणून दिलं की कोअरची चिन्हं मार्च १८६३ ची, जनरल हूकरने आर्मी हातात घेतल्यावरची. अगदी बरोबर. चारही टोप्या खरवडून पुन्हा रंगवल्या. दादा, मनापासून आभार.

आणि त्यातूनच दुसऱ्या सीनची कल्पना आली, तिथे ती चिन्हं चालतील. ८ नोव्हेंबर १८६४, पीटर्सबर्गचा वेढा, अध्यक्षपदाची निवडणूक, लिंकन की मॅक्लेलन, म्हणजे याच आर्मीचा आधीचा सेनापती आणि आता डेमोक्रॅट पक्षाचा उमेदवार. पेनसिल्व्हेनियाने त्याच वर्षी शिपायांना छावणीतून मत द्यायचा हक्क दिला होता. आधी ठरवलेलं की तेच चौघं घ्यायचे, पण हिशोब बसेना. चान्सलर्सविल, गेटिसबर्ग, वाइल्डरनेस, कोल्ड हार्बर इतक्या सगळ्या लढाया पार करून चौघं कसे उरतील? आणि त्या युद्धात गोळीपेक्षा आजाराने जवळजवळ दुप्पट मेले. म्हणून बंकवर पडलेला तो तिसरा त्याच हिवाळ्यात टायफॉइडने गेला असं मी धरलंय आणि पेपरवाला वाइल्डरनेसला. भांडणारा आणि कॉफीवाला असे दोन जुने, दोन नवे.

ज्या राज्यांनी शिपायांची मतं वेगळी मोजली तिथे लिंकनला शंभरात साधारण ७८ पडली, चौघांत तीन-एक. आधी जाहीरनाम्यावर चिडलेल्या कितीतरी जणांनी दक्षिणेत गुलामी डोळ्यांनी बघितली, काळ्या रेजिमेंटना लढताना बघितलं, आणि शिकागोला डेमोक्रॅट पक्षाने युद्ध फसलं असं ठरावात लिहिलं ते तर फारच लागलं. मग आपले मेले ते कशासाठी? माझा भांडणारा लिंकनला मत देतोय. कॉफीवाला मात्र मॅक्लेलनचा. १८६२ ला याच लिटल मॅकच्या (मॅक्लेलनचं शिपायांतलं लाडकं नाव) हाताखाली तो भरती झाला होता, त्याने पोरांची काळजी घेतली हे तो विसरलेला नाही आणि मला तो चुकीचा दाखवायचा नाहीये.

मतपेटी सिगारच्या खोक्याची केलीय, ८ मिमी लांब, झाकणाला फट, खाली टेबल म्हणून हार्डटॅकची पेटी. तेव्हा गुप्त मतदान नव्हतं, पक्षानेच छापलेलं तिकीट आणायचं आणि सगळ्यांसमोर टाकायचं, कोणाचं आहे ते शेजारच्याला कळायचंच. तीन तिकिटं कापून झालीत. कॉफीवाल्याचा हात मी अंगाशी धरलेला केला होता, तिकीट लपवल्यासारखा, तो आता खांद्यातून कापून पुढे सरळ करतोय. एपॉक्सी पुटी वाळली की फोटो टाकतो.