बेसॉल्टखाली दडलेला थर

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर, १९७० च्या दशकात, राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने कोयना परिसरात गुहागर–चोरोची आणि केळशी–लोणी या दोन रेषांवर खोल भूकंपीय सर्वेक्षण केले. सुरुंगांच्या स्फोटांतून निघालेल्या लहरी जिओफोनच्या, म्हणजे जमिनीची कंपने टिपणाऱ्या उपकरणांच्या, रांगांनी नोंदवून, त्यांना लागलेल्या वेळेवरून भूकवचाचा तळ सुमारे ३५ ते ४० किलोमीटर खोलीवर असल्याचे काढता आले. मला मात्र या विषयात सर्वाधिक ओढ वाटते ती पहिल्या एक-दोन किलोमीटरची, कारण खरी अडचण तिथेच आहे.

अपवर्तित लहर, म्हणजे थराच्या सीमेवर दिशा बदलून पुढे गेलेली लहर, पृष्ठभागावर परतण्यासाठी खालचा थर वरच्यापेक्षा वेगवान असावा लागतो. बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकात, लहरीचा वेग सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास असतो. त्याखाली वालुकाश्मासारखा मंद गाळाचा खडक असला, तर लहर तिथे आणखी खालीच वळते आणि त्या थराच्या माथ्यावरून अपवर्तित लहर परत येत नाही. मग नोंदीत दिसते ते एवढेच : बेसॉल्टमधून आलेली पहिली लहर अंतरागणिक क्षीण होत जाते, आणि पायाच्या, म्हणजे या सर्व थरांखालच्या जुन्या, खडकातून आलेली पुढची लहर अपेक्षेपेक्षा उशिरा, जणू पायरी चुकवून, उमटते. त्या विलंबावरून थराची जाडी काढायची, तर वेग गृहीत धरावा लागतो. उभ्या दिशेने जाऊन-येऊन अर्धा सेकंद लागत असेल, तर ३.२ किलोमीटर वेगाने जाडी ८०० मीटर भरते आणि ४ किलोमीटर वेगाने १००० मीटर. दोन्ही प्रारूपे त्या नोंदीशी सारखीच जुळतात. म्हणून एकच रेखीव छेद छापून खाली वेगाचे गृहीतक न देणे मला गैर वाटते.

सौराष्ट्रात बेसॉल्टखाली मेसोझोइक काळातील गाळाचे खडक खरोखरच आहेत. कोयनेत तसे नाही, हे विंधन विवरांनी दाखवले : रासाटी येथील १५२२ मीटर खोल विवरात ९३२ मीटर बेसॉल्टनंतर थेट ग्रॅनाइटी पायाचा खडक लागला, मध्ये गाळाचा थर नव्हताच. आता अशा विवरांत प्रत्यक्ष मोजलेले वेग हाताशी असल्यामुळे आसपासच्या जुन्या नोंदींची प्रारूपे नव्याने बसवता येतात, आणि ते काम व्हायलाच हवे.