लगागा लगागा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि मराठीच्या बाई अन् पी.टी.चे सर एकदमच डोळ्यांसमोर आले. शाळेत या दोघांचा एकमेकांच्या विषयाशी काही संबंध नव्हता. पण १९९३ साली मी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात बी.ए.ला गेले, मराठी घेतलं, लांब पल्ल्याचं पळायला लागले, आणि दोघांची शिकवण माझ्यात एकत्र आली. तेवढंच सांगायचं आहे, पण नीट सांगायचं आहे.

प्रार्थनेनंतर आपण मनाचे श्लोक म्हणायचो. कुणी गुरू अक्षर घाईत उरकलं की बाई तिथल्या तिथे थांबवायच्या. "दीर्घ आहे ना ते? मग त्याला त्याची जागा दे." डस्टरनं टेबलावर ठेका धरायच्या, एक हलका, दोन भारी, म्हणजे एक लघू, दोन गुरू. लगागा लगागा लगागा लगागा. या वृत्ताचं भुजंगप्रयात हे नाव नववीत कळलं. कानात तो कधीचा बसला होता.

सरांचं बोलणं अस्सल कोल्हापुरी. "पोरी, पयल्या फेरीत दम उधळलास तर शेवटच्या फेरीला काय देणार?" पावसानं मैदान भिजलं की वर्गात बसवून ते खाशाबा जाधवांची गोष्ट सांगायचे. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक घेऊन आला, आणि त्याला पाठवायला प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. त्याच ऑलिंपिकमध्ये एमिल झाटोपेकनं पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं जिंकली. सर ही दोन्ही नावं एका दमात घ्यायचे.

कॉलेजात मी तीन हजार मीटर निवडलं. साडेसात फेऱ्या. तेव्हा आमच्याकडे मुलींना ट्रॅकवर मोठं अंतर म्हणजे हेच. ऑलिंपिकमध्ये बायकांची पाच हजारांची शर्यत १९९६ला आली. पहाटे विद्यापीठाच्या आवारातल्या रस्त्यांवर सराव, मग डबा खाऊन तास. रविवारी रंकाळ्याला फेरी आणि तिथून गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध. मैदानावरच्या मैत्रिणी विचारायच्या, "कविता वाचून पाय पळत्यात व्हय?" वर्गातल्या मैत्रिणींना माझ्या बुटांवरची लाल माती खुपायची. दोन्हींपैकी एक सोड, असा सल्ला घरी-दारी सगळीकडून मिळायचा.

पहिल्या काही महिन्यांत पळताना बरगडीखाली कळ यायची. एका सीनियर धावपटू ताईनं सांगितलं, तीन पावलांत श्वास आत घे, दोन पावलांत सोड. पाच पावलांचं आवर्तन होतं. पाच विषम, त्यामुळे श्वास सोडायची सुरुवात एकदा डाव्या पायावर येते, एकदा उजव्या, आणि सगळा दणका एकाच बाजूला बसत नाही. ऐकायला सोपं, पण पळता पळता पाच मोजत राहणं फार अवघड. मन भरकटलं की मोजणी चुकायची.

आणि एका पहाटे आकडे सोडून मनात श्लोक सुरू झाला. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. लगागा म्हणजे बरोबर पाच. 'लगा'च्या तीन मात्रांत श्वास आत, उरलेल्या 'गा'च्या दोन मात्रांत बाहेर. बाईंचा ठेका जसाच्या तसा पायाखाली आला होता! एका चरणाला वीस पावलं, श्लोकाला ऐंशी. संथ पळताना माझं पाऊल साधारण मीटरभराचं पडायचं, म्हणजे पाच श्लोकांत चारशे मीटरची फेरी. घड्याळ न बघता मला माझा वेग कळायला लागला. सगळे २०५ श्लोक म्हणत पळत सुटलं तर सोळा किलोमीटरच्या वर होतात, पन्हाळ्याची बरीचशी वाट सरते.

याचा उलटा फायदा वर्गात झाला. मेघदूताचं मंदाक्रांता वृत्त शिकताना सतरा अक्षरांत चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा, एवढं सगळेच पाठ करायचे. मला त्यातली धाव दिसायची. आधी चार गुरू, स्वतःला आवरून धरलेले. मग पाच लघू सुसाट, एका गुरूवर जरा टेकून पुढची सात अक्षरं. मोठ्यानं वाचताना यती चुकवली तर दम शेवटपर्यंत पुरत नाही. छंद म्हणजे कवीच्या पायातली बेडी, असं तेव्हा बरेचजण म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. मर्ढेकरांनी यंत्रयुगातल्या माणसाचं दुःख ओवी-अभंगातून मांडलंच ना! याच राजाराम कॉलेजात कवी माधव जूलियन फारसी शिकवत. वृत्तांवरचा १९२७ सालचा ग्रंथ 'छंदोरचना' त्यांचाच. खाशाबांचं कॉलेज आणि माधवरावांचं कॉलेज एकच, हे कळल्यावर एक सोडण्याचा प्रश्न माझ्यापुरता मिटला.

शर्यतीच्या वेगात मात्र भुजंगप्रयात टिकत नाही, श्वास दोन-दोन पावलांवर येतो. तिथे मी पादाकुलक हे वृत्त धरलं, आठ-आठ मात्रांचं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा माझ्यापुढे तिघी होत्या. वळणावर पाणी मारलेली माती, आतल्या लेनची फक्की पुसत आलेली, पुढच्या मुलीच्या स्पाइक्समधून उडणारे चिखलाचे कण. ती धापा टाकत होती, तिचा श्वास विस्कटल्याचं मला स्पष्ट ऐकू येत होतं. माझा ठेका शाबूत होता. दुसरी आले. संध्याकाळी पदक घेऊन सरांकडे गेले, तिथून बाईंकडे. बाईंनी पदक हातात घेतलं आणि विचारलं, "कुठल्या वृत्तात पळालीस?"

आज मी स्वतः मराठी शिकवते आणि अजून पळते. शाळेकडे एक मागणं आहे. नववीला वृत्तं शिकवाल तेव्हा त्यातला एक तास मैदानावर घ्या, मुलांना लगागा म्हणत एक फेरी पळू द्या. तो तास घ्यायला मी आनंदानं येईन. ट्रॅक आखायची फक्कीही घेऊन येईन.