भुताने डिझाइन केलेला काँक्रीटचा टॉवर

इंग्लंडमध्ये हॅम्पशायरला न्यू फॉरेस्टच्या कडेला स्वे नावाचं गाव आहे, तिथे शेतांच्या मधोमध २१८ फुटांचा एक गॉथिक टॉवर उभाय. म्हणजे टोकदार कमानींच्या खिडक्या, बाजूला चिकटलेला जिन्याचा बुरूज, सगळा थाट जुन्या चर्चचा, पण चर्च नाही की किल्ला नाही! बांधणारा अँड्र्यू पीटरसन हा कलकत्त्यात वकिली करून गडगंज पैसा कमावून परत गेलेला माणूस. लोक अजून पीटरसन्स फॉली म्हणतात, फॉली म्हणजे असं हौसेपोटी बांधलेलं बिनकामाचं बांधकाम.

आता गंमत बघा, या गृहस्थांना भुताखेतांशी बोलायचा नाद होता आणि टॉवरचं डिझाइन म्हणे प्रत्यक्ष क्रिस्टोफर रेनच्या आत्म्याने सांगितलं, म्हणजे लंडनचं सेंट पॉल्स चर्च बांधणारा तो, जो १७२३ लाच वारला. जिवंत असताना घुमटांसाठी गाजला आणि मेल्यावर गॉथिककडे वळला, असो, आपण कोण बोलणार.

पण काम बघितलं तर अजिबात येड्यासारखं नाहीये. १८७९ ते १८८५, सहा वर्षं, पूर्ण पोर्टलँड सिमेंटचं काँक्रीट, लोखंड फक्त खिडक्यांपुरतं. बाहेरून परांची नाही, शटरिंग लावायचं, ओतायचं, घट्ट झालं की वर सरकवायचं, परत ओतायचं. तेव्हा काँक्रीटवर कोणाचा फारसा भरवसा नव्हता, ते किती भक्कम असतं हे पीटरसनला दाखवून द्यायचं होतं आणि गावातल्या बेकार मजुरांच्या हाताला काम पण द्यायचं होतं. मला विचाराल तर रेनच्या आत्म्यापेक्षा या मजुरांना जास्त क्रेडिट द्यायला पाहिजे.

खरं तर ही त्याने स्वतःसाठी बांधलेली समाधी, आणि वर कायम दिवा जळत ठेवायचा होता. पण जवळच समुद्र, जहाजं दीपगृह समजून भलतीकडे वळतील म्हणून परवानगीच नाही मिळाली. अस्थी मात्र ठेवल्या होत्या तिथे, नंतर त्या पण गावातल्या चर्चच्या आवारात बायकोच्या कबरीत हलवल्या.

बिनसळ्यांच्या काँक्रीटचं जगातलं सगळ्यात उंच बांधकाम म्हणून अजून याचंच नाव घेतात. आपल्याकडे तीस वर्षांत सळ्या गंजून, फुगून स्लॅबचे पोपडे पडायला लागतात आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणं सुरू होतात, इथे मुळात सळ्याच नाहीत, गंजणार काय डोंबल!